राजेंचं राहून गेलेलं वाक्य

सर मान वळवायचे नाहीत. बाजूने कोणी हाक मारली तर ते आधी थांबायचे, मग पायापासून डोक्यापर्यंत सबंध वळायचे, स्टँडवर एसटी वळते तसे, आणि हाक मारणाऱ्याच्या पुढ्यात येऊन उभे राहायचे. तोवर आपण हाक का मारली हे तो बिचारा विसरलेला असायचा. अकोल्यातल्या आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत आणि उरलेल्या वेळात नाटकं बसवत. नाटकात राजा असला की ते काम दुसऱ्या कोणाला मिळत नसे. म्हणून तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'राजे'. हे नाव त्यांना ठाऊक होतं. आवडतही होतं, असा माझा दाट संशय आहे.

मी त्यांची एम.ए.ची विद्यार्थिनी आणि पुढे त्यांच्या नाटकांतली कायमची राणी. राणीला फार बोलायचं नसे. राजेंच्या नाटकात इतरांना बोलायला जागा उरायचीच कमी. आता मी अमरावतीला शिकवते. सर या जगात नाहीत. आणि दरवर्षी ग्रीक शोकांतिका शिकवायची वेळ आली की माझा पहिला तास वाईट जातो, कारण त्यात तो एक शब्द येतो.

हुब्रिस. शोकांतिकेतला राजा ज्याच्यामुळे पडतो, ते. आमच्या वर्गात सरांनी हा शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारलं, "मराठीत सांगा." आम्ही सांगत गेलो. गर्व, अहंकार, ताठा, घमेंड, गुर्मी. मागच्या बाकावरून कोणीतरी "माज" म्हणालं. सर एकेका शब्दाला नकार देत गेले. मग खडू खाली ठेवून ते वऱ्हाडीवर आले. महत्त्वाचं काही सांगायचं झालं की सर इंग्रजी सोडायचे आणि पुस्तकी मराठीही सोडायचे.

"पोळ्याच्या दिवशी बैलाले झूल घालतात, शिंगं रंगवतात, बाजा वाजते. बैलाले वाटते, हे सारं माह्यासाठीच चालून राहिलं. हा झाला गर्व. यात गाव हसते अन् दुसऱ्या दिवशी बैल वखराले लागते. कोनाचं काही बिघडत नाही. पन तोच बैल मानाच्या बैलाच्या अदी तोरनाखालून घुसला, अन् घुसता घुसता बाजूच्याले शिंग मारलं, तर? तर ते हुब्रिस." मग म्हणाले, "आमच्या घरी बैल नोयता. मी शाळेच्या भिंतीवर बसून पायत होतो. म्हनून मले सगळा पोळा दिसला."

आणि पुढे त्यांनी जे सांगितलं ते बहुतेकांनी वहीत उतरवून घेतलं नाही, कारण ते परीक्षेला येत नव्हतं. ग्रीकांच्या लेखी हुब्रिस म्हणजे नुसतं मनातल्या मनात फुगणं नव्हे. आपण मोठे आहोत हे स्वतःला पटवण्यासाठी दुसऱ्याचा चारचौघांत अपमान करायचा आणि त्याची मजा घ्यायची, याला ते हुब्रिस म्हणत. तिथे त्यासाठी खटला भरता यायचा. "देवाले आव्हान देनं हे नंतरचं," सर म्हणाले. "सुरुवात बाजूच्या मानसापासून होते." हे वाक्य मी कधी विसरले नाही. सर विसरले.

त्यांच्या बाजूचा माणूस म्हणजे गुणवंतभाऊ. तेल्हाऱ्याजवळच्या एकाच गावात, एकाच बौद्धवाड्यात, भिंतीला भिंत लागून दोघांची घरं. सरांचे वडील तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहायचे. धम्मदीक्षा घेऊन ते गावी परतले तेव्हा त्यांनी दोन्ही घरच्या पोरांना ओळीने उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून मान वर." दोघंही तेव्हा अगदी लहान होते, पण दोघांनी ते ऐकलं. सरांनी ते जन्मभर शब्दशः पाळलं. दिवसभर पाठीवर ओझं घेऊन वाकलेल्या माणसाने पोराला दिलेली ती मान होती. सरांच्या ताठपणाला हसताना मला हे आठवायचं आणि माझं हसू अर्धवट राहायचं. गुणवंतभाऊंनीही मान वरच ठेवली, पण त्यांना ती वळवता यायची. ते अकोल्यातच एका हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. चष्मा कपाळावर, तोंडात सुपारी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. गप्प बसलेले गुणवंतभाऊ मी एकाच जागी पाहिले, उजव्या विंगेत.

ते आमचे प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत उभा राहून विसरलेलं वाक्य पुटपुटणारा, एवढंच लोकांना माहीत असतं. गुणवंतभाऊंची पद्धत निराळी होती. नट अडखळायच्या आधी त्यांना ते कळायचं. नटाचा श्वास ऐकून ते वाक्याचा पहिला शब्द सोडायचे, तोही असा की पहिल्या रांगेलासुद्धा पत्ता लागू नये. नटाने वाक्य उचललं की विंगेच्या फळीवर बोटाने टिचकी मारायचे. हलकी, लाकडावर पाल पडावी तेवढी. ती टिचकी ऐकली की आम्हाला रंगमंचावर घरी आल्यासारखं वाटायचं. या कामाचा त्यांना गर्व नव्हता असं मी मुळीच म्हणणार नाही. चांगला गर्व होता. "नटाले वाटलं पायजे का त्याले सोताच आठवलं," ते म्हणायचे. "तेवढं जमलं का मंग मी राजा."

सरांचं पाठांतर दांडगं होतं, पण त्यांनाही टिचकी मिळायची. अधूनमधून, आणि फक्त आम्हा जवळच्यांना ऐकू येईल अशी. सरांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही. सर आभार मानत नसत. त्यांना ते येतच नव्हतं, काही लोकांना पोहता येत नाही तसं. रस्तासुद्धा ते कोणाला विचारत नसत.

एकदा कौंडण्यपूरच्या यात्रेत आमचा प्रयोग ठरला होता. भाड्याच्या गाडीत पुढे सर, मागे आम्ही आणि आमच्या मांडीवर राजवाड्याचे खांब. अमरावती सोडल्यावर सरांनी ड्रायव्हरला हाताने दिशा दाखवली आणि आम्ही भलत्याच दिशेला, थेट रिद्धपूरला जाऊन पोचलो. गाडीत कोणाची बोलायची छाती होईना. गुणवंतभाऊ म्हणाले, "थांबवा बाप्पा, मले जरा मोकळं व्हाचं हाये." ते उतरले, चहाच्या टपरीमागे गेले, टपरीवाल्याशी काय ते बोलले आणि परत येऊन सरांना म्हणाले, "तुमी म्हनत होते तेच बरोबर हाये. फक्त गाडीचं तोंड तिकडं पायजे." सर म्हणाले, "तेच मी मघापासून सांगून राहिलो." आम्ही सगळे बाहेरच्या संत्र्याच्या बागांकडे बघत बसलो. गुणवंतभाऊंनी पुन्हा सुपारी तोंडात टाकली आणि मला डोळा मारला.

म्हणजे ते फक्त नाटकातच प्रॉम्प्टर नव्हते. सरांचा संसार, नोकरीतल्या भानगडी, मुलीच्या लग्नातले मानपान, सगळीकडे ते उजव्या बाजूला उभे असायचे आणि सरांना वाटायचं, आपल्यालाच सुचलं.

मग सरांनी स्वतःचं नाटक लिहिलं. ग्रीक धाटणीचं, पण भाषा आपली. नदीकाठच्या एका नगराचा राजा असतो. पूर येतोय असं सगळे सांगतात. राजा म्हणतो, माझ्या नगरात पाणी शिरणार नाही. तो वेशीचे दरवाजे लावून घेतो. त्याचा सख्खा भाऊ आणि अर्धं गाव बाहेर राहतं. पाणी भिंत चढायला लागतं तेव्हा राजाला उमगतं, आणि तो म्हणतो, "वेशीचे दरवाजे उघडा. चूक माझी झाली." या वाक्यावर पडदा. नाटक चांगलं होतं. सरांनी लिहिलेलं म्हणून नाही, खरंच चांगलं होतं, आणि त्या वर्षीच्या नाट्यस्पर्धेत ते पहिलं येणार याबद्दल आमच्यात कोणाला शंका नव्हती.

स्पर्धा जवळ आली असताना एका वर्तमानपत्राचा तरुण वार्ताहर तालमीला आला. शाळेचा हॉल, बाकं भिंतीला लावलेली, सगळी मंडळी हजर. त्याने सहज म्हणून गुणवंतभाऊंना विचारलं, "सरांचं नाटक तुमच्याशिवाय होत नाही म्हणतात, खरं का?" गुणवंतभाऊ रंगात आलेले होते. म्हणाले, "राजाले तोंड असते, पन कान लागते ना बाप्पा. तो कान मी." सगळे हसले. वार्ताहरानेही हसत लिहून घेतलं.

सर हसले नाहीत. ते सबंध वळले, गुणवंतभाऊंच्या पुढ्यात आले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "या नाटकाला प्रॉम्प्टर नसेल. लिहून घ्या." वार्ताहराला वाटलं, गंमत आहे. सर पुढे म्हणाले, "गुणवंता, जन्मभर तू दुसऱ्यांचीच वाक्यं वाचत आलास. तुझं स्वतःचं एखादं वाक्य आहे का? असेल तर म्हण. सगळे ऐकताहेत." आणि ते आमच्याकडे बघून किंचित हसले. ते हसू मी अजून विसरू शकत नाही, कारण त्यात मजा होती.

गुणवंतभाऊंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, जणू सर नीट दिसत नव्हते. हातातली संहिता बाकावर ठेवली. म्हणाले, "बरं हाये, राजे." तोंडावर त्यांना राजे म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग ते चपला घालून निघून गेले.

त्यानंतर आम्ही सरांना सांगून पाहिलं. मीही सांगितलं, निदान दुसऱ्या कोणाला तरी विंगेत उभं करा. सर म्हणाले, "विंग रिकामी पायजे मले." त्यांच्या पत्नीने जेवताना विषय काढला तर ताटावरून उठले. त्यांचं वय साठीला आलेलं, नाटकभर राजा रंगमंचावर आणि पल्लेदार वाक्यं. पण पाठांतर इतकं चोख होतं की हळूहळू आमचीच भीती गेली. शेवटच्या तालमीत एक काना इकडचा तिकडे झाला नाही.

प्रयोगाच्या दिवशी नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, तिसरी घंटा झाली. नाट्यगृह भरलेलं. प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत गुणवंतभाऊ बसले होते, सपत्नीक, इस्त्रीचा शर्ट घालून. सरांनीच त्यांना तिथे बसवलं होतं, एका अर्थी. सर त्या दिवशी जसे उभे राहिले तसे पुन्हा कधी कोणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. राजाचा माज, राजाची भीती, भावाची हाक ऐकूनही न ऐकल्यासारखं करणं. लोक श्वास रोखून बघत होते. मी राणी, शेजारी उभी. पाण्याचा आवाज वाढत गेला आणि ठरल्याप्रमाणे थांबला. आता ते वाक्य.

वाक्य आलं नाही.

सुरुवातीला लोकांना ती अभिनयासाठी मुद्दाम घेतलेली जागा वाटली. सर अशा जागा घ्यायचे. मग मला त्यांची राजदंडावरची बोटं दिसली, ती घट्ट होत होती, सुटत होती. मी पदरचं वाक्य घातलं, "महाराज, पाणी भिंत चढलं. काय आज्ञा?" सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची मान वळली. फक्त मान. उजवीकडे, रिकाम्या विंगेकडे. इतक्या वर्षांत मी ती मान अशी वळलेली पाहिली नव्हती.

आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला. तोच, विंगेतला, अर्धा श्वास आणि अर्धा शब्द. "वेशीचे दरवाजे..." गुणवंतभाऊंनी मुद्दाम केलं नसावं. सवयीने ओठ हलले असतील. पण नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

सरांनीही ऐकलं. मी हातभर अंतरावर होते, मला ते दिसलं. वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, नुसतं उचलायचं होतं. पण ते हसणंही पोचलं होतं. सरांची मान हळूहळू परत सरळ झाली. त्यांनी ओठ मिटले आणि समोर बघत उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी पडदेवाल्यानेच कंटाळून पडदा टाकला. वेशीचे दरवाजे काही उघडले नाहीत.

मी लेखक असते तर असं नाटक रचलं नसतं. नेमकं माफीचंच वाक्य विसरलं, म्हटल्यावर वाचक म्हणतील, बाई जरा जास्तच करतेय. पण झालं ते तसंच झालं.

रंगपटात सर आरशासमोर रंग पुसत बसले होते. आम्ही भिंतीला चिकटून उभे. ते म्हणाले, "मी विसरलो नव्हतो. राजा चूक कबूल करत नाही, असा नवा शेवट मला सुचला." तेवढ्यात गुणवंतभाऊ दारात आले. ते फक्त म्हणाले, "घरी सोडून देऊ का? गाडी आनली हाये." सर आरशातूनच म्हणाले, "तुझ्यामुळे पोट्टे हासले." गुणवंतभाऊंनी हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली. मग गेले.

दोघांची घरं अकोल्यातही दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. सर भाजीला जाताना लांबचा फेरा घ्यायला लागले. पौर्णिमेला विहारात दोघं दोन टोकांना बसत, आणि मधल्या जागेत बसायचं कोणाला धाडस होत नसे. सरांनी पुन्हा नाटक केलं नाही. मी दोघांनाही फोन करायची. सर म्हणायचे, "त्याले काही म्हनाचं असंल तर म्हनंल." गुणवंतभाऊ म्हणायचे, "मी बोलू? मी बोललो त्याचंच तर हे झालं व माय." मग दुसरं काहीबाही बोलून शेवटी हमखास विचारायचे, "तब्येत बरी हाये ना त्याची? गोळ्या घेते का?" मी सरांना कधी सांगितलं की गुणवंतभाऊ तुमची चौकशी करत होते, तर सर गप्प व्हायचे आणि गप्पच राहायचे. फोन मात्र ठेवायचे नाहीत. मला वाटायचं, आता म्हणतील, आता म्हणतील. असं वर्षानुवर्षं चाललं.

आणि एका सकाळी आमच्या जुन्या नाटकमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणवंतभाऊंचा फोटो आला, खाली हात जोडलेले. झोपेतच गेले होते.

पुण्यानुमोदनाला मी अमरावतीहून गेले. त्यांच्या अंगणात मंडप, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, फोटोपुढे मेणबत्त्या. वंदना झाली. लोक एकेक करून बोलले, त्यांचे विद्यार्थी, शाळेतले सहकारी. सर मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले होते. खूप वाळले होते. मान तेवढी तशीच होती, शर्टाच्या सैल कॉलरमधून वर आलेली. सूत्रसंचालन करणाऱ्याला मागचं काही ठाऊक नसावं. त्याने मोठ्या आदराने सांगितलं, "आता भाऊंचे बालमित्र दोन शब्द बोलतील."

सर उठले. फोटोसमोर जाऊन उभे राहिले. आणि पुन्हा ती शांतता झाली, तीच. आमच्या नाटकातले जेवढे जण तिथे होते, त्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला बघवत नव्हतं आणि नजरही हलवता येत नव्हती. सरांचे ओठ हलले, थांबले. मग त्यांची मान वळली. उजवीकडे. तिथे बायकांच्या ओळीत पहिली मी बसले होते.

"ते वाक्य काय होतं व?" त्यांनी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मले खरंच आठोत नाही. तवाही आठोत नोयतं."

ज्या माणसाने आयुष्यात रस्ता विचारला नाही, त्याने शंभर माणसांसमोर हे विचारलं. कसाबसा मी पहिला शब्द दिला, गुणवंतभाऊ द्यायचे तसा, "वेशीचे..."

सरांनी तो घेतला. "वेशीचे दरवाजे उघडा," ते म्हणाले. राजाच्या आवाजात नाही. मग फोटोकडे वळले आणि पुढचं वाक्य नाटकातलं राहिलं नाही. "चूक माही होती, गुणवंता. माहीच होती."

मांडवातल्या पुष्कळांना यातलं काही कळलं नाही. गुणवंतभाऊंच्या पत्नीला कळलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

बोलून झाल्यावरही सर जागचे हलले नाहीत. मान उजवीकडे किंचित कलती ठेवून ते थांबून राहिले, कान देऊन. लोकांना वाटलं, त्यांना अजून काही बोलायचं आहे. मला ठाऊक होतं ते कशासाठी थांबले आहेत, कारण मीही त्याच आवाजासाठी थांबले होते. लाकडावर बोटाची एवढीशी टिचकी.

मग गुणवंतभाऊंचा मुलगा पुढे झाला, त्याने सरांना हात दिला, आणि सरांनी तो धरला.